बाकड्याची सहल

बाकडं घेऊन सहलीला जावं, असं शहाण्या माणसाच्या मनात येत नाही. अर्जदारांच्याही आलं नव्हतं. ते फार शहाणे होते असं नाही, पण वरून मंजुरी आल्याशिवाय त्यांच्या मनात काही येतच नसे.

अर्जदार हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे कार्यालयात होते आणि हे नाव त्यांना तिथल्या सहकाऱ्यांनी दिलं होतं. रजेसाठी अर्ज सगळेच करतात. हे गृहस्थ टेबल वीतभर खिडकीकडे सरकवायचं तरी अर्ज करत, पंखा हळू करायचा तरी करत. राहत्या इमारतीच्या गच्चीवर गादी वाळत घालायची असली तरी सोसायटीच्या सेक्रेटरीला दोन ओळी लिहीत, आणि उत्तर येईपर्यंत ऊन निघून गेलेलं असे. हा गुण त्यांनी वडिलांकडून उचलला होता. अण्णा म्हणजे त्यांचे वडील तर लिहीतही नसत, नुसते उभे राहत. कुणाकडे गेले की ‘बसा’ म्हणेपर्यंत उभे. यजमान बोलण्याच्या नादात विसरला, तर उभ्यानेच चहा घेऊन, चहा छान झाल्याचं सांगून घरी परत येत.

अण्णा गेले तेही उभ्यानेच. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेले होते. आपण जिवंत आहोत हे सिद्ध व्हायला पुढे थोडीच माणसं उरली होती, तेवढ्यात रांगेतच कोसळले. शेजारी एक खुर्ची होती. तिच्यावर कुणाची तरी छत्री होती. “छत्री उचलायची आणि बसायचं की हो,” तिथला कारकून नंतर हळहळून म्हणाला. त्याचं चुकलं काहीच नव्हतं, पण तो अण्णांना ओळखत नव्हता.

त्या दिवसापासून आई बसेनाशी झाली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. घरात चार माणसं भेटायला आलेली, खुर्च्या कमी, तेव्हा ती उभी राहिली यात विशेष काय. पण माणसं यायची थांबली तरी आई उभीच. जेवायची ती ओट्याशी उभ्याने. टीव्ही बघायची तो सोफ्याच्या मागे उभी राहून, जणू पुढच्या रांगेत पाहुणे आहेत. रात्री आडवी होई, पण बसत नसे. पायांना सूज आली. डॉक्टरांनी स्टूल पुढे सरकवलं, तर म्हणाली, “मी उभी बरी आहे,” आणि भिंतीला धरून एकेक पाय तपासायला दिला. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि अर्जदारांना बाजूला घेऊन सांगितलं, “गोळ्या राहू द्या, यांना आधी बसवा. नाहीतर हे पाय फार दिवस साथ देणार नाहीत.”

अर्जदारांनी विनवण्या केल्या. त्यांच्या बायकोने रागावून पाहिलं. शेवटी एके संध्याकाळी तीच स्वयंपाकघरात रडायला लागली, “आई, तुम्ही असं उभं राहून मारणार आहात आम्हाला.” तेव्हा आईने ओटा पुसता पुसता सांगितलं, “नदीच्या वळणावर एक बाकडं ठेवा. मग बसेन.”

नदीचं वळण म्हणजे घाटाखालचं खोरं. तिथे धबधबा आहे, जुना दगडी पूल आहे, डोंगरात कोरलेल्या गुहा आहेत, आणि सगळ्यात शेवटी उंच कड्यावर ते वळण. नदी एका टेकडीला वळसा घालून जवळजवळ परत स्वतःला येऊन मिळते म्हणे. लोक लांबून बघायला येतात. अण्णा आणि आई लग्नानंतर एकदा तिथे जाऊन आले होते. निसर्गसौंदर्याबद्दल अण्णांनी आयुष्यात एकच मत नोंदवलं, ते याच जागेबद्दल. कुणी विचारलं, कसं आहे हो ते वळण, तर म्हणत, “बसायला जागा नाही.”

तर बाकडं. सुतार माप घ्यायला आला आणि त्याने विचारलं, “किती जणांचं?” अर्जदार इमारतीतल्या लोकांचं मत घ्यावं की काय, अशा विचारात पडले. आई आतून म्हणाली, “दोघांचं.”

इमारतीचं मत न घेताही मिळालंच. खालच्या मजल्यावरच्या विमावाल्यांचा सल्ला सोपा होता. “विचारायचं नाही. गाडीत टाकायचं, तिथे ठेवायचं, मागे न बघता निघून यायचं. विचारलंत की फसलात.” वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांना बाकड्यापेक्षा त्यावरच्या पाटीत रस होता. त्यांनी अण्णांच्या जन्मापासूनचा मजकूर तयार केला. त्यात दोन श्लोक होते आणि अण्णांचा करारी स्वभाव होता. एवढं कोरायला पितळेची पाटी बाकड्यापेक्षा लांब झाली असती. अर्जदारांना नाही म्हणता येईना. आईने तो कागद उभ्याने वाचला आणि म्हणाली, “एवढं नको. ‘बसा’ लिहा.”

“आणि खाली नाव?”

“नुसतं ‘बसा’.”

मुख्याध्यापक दुखावले. “क्रियापद आहे, कर्ता कुठाय?” असं ते जिन्यात भेटेल त्याला आठवडाभर विचारत होते.

बाकडं तयार झालं, सागवानी, पाठ असलेलं, चांगलं जड. पाटी बसली. आता विमावाल्यांचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण अर्जदारांनी अर्ज केला. तो कड्याचा तुकडा तीन खात्यांच्या मधोमध होता, त्यामुळे अर्ज तीन ठिकाणी गेला आणि तीन उत्तरं आली. वनखात्याने कळवलं की जंगलातून लाकूड बाहेर नेण्याची पद्धत ठरलेली आहे, लाकूड आत आणण्याची नाही. पुराणवस्तू खात्याने विचारलं की बाकडं किमान शंभर वर्षं जुनं आहे काय, असल्यास विचार करता येईल. पाटबंधारे खात्याला पुरात बाकडं वाहून गेल्यास जबाबदारी कुणाची हे हवं होतं. त्या कड्यापर्यंत पूर चढला असता तर हा प्रश्न विचारायला ते खातंच उरलं नसतं. पण अर्जदारांनी तसं लिहिलं नाही. त्यांनी लिहिलं, ‘जबाबदारी अर्जदाराची राहील.’

हे चालू असताना बाकडं घरातल्या बोळात पडून होतं. येणारा जाणारा त्यावर बसून सल्ला देई. पेपरवाला बसला, गॅसवाला बसला, मुख्याध्यापक तर दुपारी पेपर घेऊनच खाली येऊ लागले. आई तेवढी बाजूने उभी राहून सगळ्यांना पाणी देई. “आई, बघा तरी बसून,” बायको म्हणे. “इथे नाही,” आई म्हणे. पायांची सूज आता घोट्यांच्या वर गेली होती. रात्री अर्जदार अंथरुणात पडल्या पडल्या आईच्या येरझाऱ्या ऐकत आणि त्यांना भीती वाटे. अण्णांच्या वेळी निदान काही कळलं तरी नव्हतं. इथे सगळं कळत होतं आणि ते उत्तरांची वाट बघत होते.

शेवटी बायकोनेच खोऱ्याच्या तिकीटघराला फोन लावला. “ठेवायचं असलं तर परवानगी लागेल,” पलीकडचा माणूस म्हणाला. “सामान म्हणून आणा, सामान म्हणून परत न्या, आमचं काही म्हणणं नाही.” बायकोने फोन ठेवला आणि सांगितलं, “रविवारी निघायचं. एकदा बसू तर दे त्यांना. पुढचं पुढे.”

रविवारी आभाळ असं भरून आलं होतं की दिवस उजाडला की नाही यावर वाद झाला असता. बारीक भुरभुर चालू होती. भाड्याच्या जीपच्या टपावर बाकडं उलटं बांधलं, चारी पाय वर. आत अर्जदार, बायको आणि आई. आई जीपमध्येही बसली नाही. सीटच्या कडेला टेकून, वरची दांडी दोन्ही हातांनी धरून अर्धी उभी राहिली.

“बसले का सगळे?” ड्रायव्हरने न वळता विचारलं.

“चला,” बायको म्हणाली.

खोऱ्याच्या फाटकाशी बाकड्याचं तिकीट कुठल्या प्रकारात फाडायचं यावर अडलं. ते माणूस नव्हतं आणि वाहनही नव्हतं. तिकीटवाल्याने फलक दोनदा वाचला आणि कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या स्टँडचं तिकीट दिलं. “एक पाय जास्त आहे, पण चालवून घेतो,” तो म्हणाला. अर्जदारांनी त्याचे आभार मानले. अशा ठिकाणी आभार मानायची त्यांना सवयच होती.

मग कळलं की रस्ता एकेरी आहे. आधी धबधबा, मग पूल, मग गुहा आणि शेवटी वळण. मधलं काही गाळता येत नाही. शिवाय टपावर सामान ठेवून गाडी उभी करायला मनाई. म्हणजे प्रत्येक ठिकाणी बाकडं उतरवायचं, आणि उतरवलेलं बाकडं वाहनतळावर सोडलं तर बेवारस ठरणार, म्हणून ते बरोबर घेऊन फिरायचं.

धबधब्यापाशी अर्जदार आणि ड्रायव्हर बाकडं घेऊन पोचले आणि दम खायला टेकवलं, तेवढ्यात एक जोडपं त्यावर बसून फोटो काढायला लागलं. त्यांना वाटलं सोय केलेली दिसते. त्यांच्या मागे दुसरं कुटुंब उभं राहिलं, त्याच्यामागे तिसरं. अर्जदारांच्या गुडघ्यात कळ आली होती. ते जरा घुटमळून म्हणाले, “मी एक मिनिट बसू का?”

“मागे रांग आहे काका,” फोटोवाला म्हणाला. “आणि जरा बाजूला व्हा, धबधब्यासमोर येताय.”

अर्जदार बाजूला झाले. बायकोने कपाळाला हात लावला. मग तिने पुढे होऊन सगळ्यांना उठवलं. पाटीकडे बोट दाखवत एक आजोबा म्हणाले, “मग ‘बसा’ असं लिहायचं तरी कशाला?”

“बसले का सगळे?” ड्रायव्हरने विचारलं. जीप पुलाकडे निघाली.

पूल जुना, बिनचुन्याचा, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. तिथल्या रखवालदाराचं म्हणणं पडलं की दोघांनी मिळून बाकडं नेणं ही मालवाहतूक होते. एकट्याने डोक्यावर घेतलं तर तो माणूस पादचारीच. इथे कुणीही वाद घातला असता. अर्जदारांनी नियम पाळण्यासाठी बाकडं डोक्यावर घेतलं. पलीकडे बघण्यासारखं काही नव्हतं. पूल ओलांडायचा आणि परत यायचं, एवढंच तिथलं प्रेक्षणीय. परत येताना शेवाळावरून पाय सरकला, अर्जदार चिखलात आपटले आणि बाकडं त्यांच्या अंगावर. चष्म्याची एक काडी मोडली. रखवालदाराने आधी पुलाचा दगड तपासला. बायकोने त्यांना हात देऊन उठवलं. पन्नाशी उलटलेल्या, पेन्शनीत निघायला आलेल्या माणसाने एका बाकड्याखालून बायकोकडे बघावं, हा प्रसंग कुणावर येऊ नये.

गुहांपाशी तिसरीच अडचण. “बाकडं आत नेऊ नका,” तिथला पहारेकरी म्हणाला. “आत गेलेली वस्तू बाहेर काढायची तर वरची परवानगी लागते. मग ते इथलंच होऊन जाईल.” ड्रायव्हर चहा प्यायला गेला होता. म्हणून आई बाहेर बाकड्याशी थांबली आणि तिने दोघांना बळेच आत धाडलं. “इतक्या लांब आलात तर बघून तरी या.”

आत अंधार होता आणि ओल होती. डोळे सरावले तशा अर्जदारांना भिंतीवरच्या मूर्ती दिसू लागल्या. राजे होते, साधू होते, नर्तकी होत्या, आणि जवळजवळ सगळे बसलेले होते. मांडी घालून, एक पाय खाली सोडून, उशीला रेलून. हजार वर्षं झाली असतील, कुणीही उठलं नव्हतं. मोडक्या चष्म्यातून बघताना अर्जदारांना पहिल्यांदा त्यांचा हेवा वाटला आणि मग राग आला. ते बाहेर आले. भुरभुर वाढली होती. आई एका हाताने बाकड्याची पाठ धरून उभी होती, पावलं सुजून चपलेच्या बाहेर आलेली. समोर बाकडं रिकामं. अर्जदारांनी तिच्याच पदराने तिचं डोकं झाकलं आणि ड्रायव्हरला हाक मारली.

“बसले का सगळे?”

आईने पुन्हा वरची दांडी धरली.

वळणापाशी पोचेपर्यंत दिवस कलला होता. बाकीचे प्रवासी पावसाला कंटाळून परत फिरले होते. कड्यावर लोखंडी कठडा होता, गणवेशातला एक वयस्क पहारेकरी होता आणि दुसरं काहीही नव्हतं. पहारेकरी कठड्याला टेकून या पायावरून त्या पायावर भार देत उभा होता. बाकडं घेऊन येणारी माणसं बघून तो सरळ झाला.

“ठेवता येणार नाही,” तो म्हणाला.

“ठेवत नाही,” अर्जदार धापा टाकत म्हणाले. “हे सामान आहे.”

पहारेकऱ्याने विचार केला. “त्यावर कुणी बसलेलं असलं तर सामान. मोकळं दिसलं की अतिक्रमण. मग मला जप्त करावं लागेल.”

कठड्याजवळ जमिनीतून सिमेंटचे दोन खुंट वर आलेले होते, झिजलेले, शेवाळलेले. आई त्यांच्यापाशी जाऊन थांबली होती. तिने पायाने एका खुंटाला हलकेच स्पर्श केला. “इथे ठेवा,” ती म्हणाली.

बाकडं ठेवलं. आई पुढे आली, हाताने जागा चाचपली आणि बसली. इतक्या दिवसांनी वाकलेले गुडघे कुरकुरल्याचा आवाज बायकोला ऐकू आला म्हणे. आई मधोमध बसली नाही, एका कडेला बसली. अर्जदारांनी श्वास सोडला. मग ते शेजारी हात बांधून उभे राहिले आणि पहारेकऱ्याकडे बघून म्हणाले, “मी पण बसलो तर चालेल का?”

“बघ,” आई म्हणाली. तिचा आवाज एकदम चढला. “बघ, हेच. अगदी हेच.”

अर्जदारांनी बांधलेले हात सोडले.

“बाकडं होतं तेव्हा इथे,” आई म्हणाली. “हे दोन पाय त्याचेच. त्यावर लिहिलं होतं, अधिकाऱ्यांसाठी राखीव. अधिकारी नव्हता. कुणीच नव्हतं रे, एक चिटपाखरू नव्हतं. सगळा चढ चढून आलो होतो, माझ्या पायात गोळे आले होते. मी म्हटलं, दोन मिनिटं बसू. हे म्हणाले, कुणाला तरी विचारायला हवं. विचारायला माणूस शोधत हे खालपर्यंत गेले. मी इथे बाकड्यासमोर वाटेकडे डोळे लावून उभी. परत आले तेव्हा अंधार पडायला आला होता. आम्ही निघून गेलो. नदी बघितलीच नाही. आणि घरी येऊन लोकांना सांगत काय, तर बसायला जागा नाही.”

तिने ओल्या पदरानेच डोळे पुसले. “मी तेव्हा बसायला हवं होतं. मी बसले असते तर हेही बसले असते. नंतर सवय झाली असती त्यांना. ती छत्री उचलली असती त्यांनी.”

भुरभुर चालूच होती. अर्जदारांना खूप काही म्हणायचं होतं, त्यात तुझं काय चुकलं असंही म्हणायचं होतं. ते पहारेकऱ्याकडे न बघता बाकड्याला वळसा घालून गेले आणि आईच्या शेजारी, अण्णांच्या जागेवर बसले. कुणाला विचारलं नाही. बसल्यावर त्यांना रडू आलं.

आईने त्यांचा हात धरला आणि समोर पाहिलं. खाली टेकडीला वळसा घालून नदी गेली होती. मातकट पाणी, काठाला चिखल, वर करडं आभाळ. आई बराच वेळ बघत राहिली.

“एवढंच होय,” ती म्हणाली. “यांना बसायला मिळालं असतं ना, तर पाच मिनिटांत ‘चला’ म्हणाले असते.” आणि ती हसली. मग पुन्हा तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण आता ती ते पुसत नव्हती.

खालून ड्रायव्हरने हॉर्न दिला. पहारेकरी संकोचून पुढे आला. “फाटक बंद होईल. तुम्ही उठलात की मला हे...” तो बाकड्याकडे बघून थांबला.

“तुम्हाला खुर्ची नाही दिली खात्याने?” आईने विचारलं.

“मंजूर नाही.”

“मग दिवसभर उभे?”

“कुणी बसा म्हणालंच नाही कधी,” तो म्हणाला, आणि तेव्हा त्याची नजर पाटीवर गेली. पाटी त्याने दोनदा वाचली असावी. आई उठली आणि बाजूला झाली. अर्जदारांनीही जागा सोडली. पहारेकऱ्याने पायवाटेकडे पाहिलं, कठड्याकडे पाहिलं, आणि आईने मोकळ्या केलेल्या कडेवर हळूच टेकून हातातली काठी मांडीवर आडवी घेतली. मग जरा मागे सरकून पाठ टेकली.

“आता हे काय झालं?” बायकोने विचारलं. “सामान की अतिक्रमण?”

“बसलोय तोवर सामान,” पहारेकरी म्हणाला.

तिघं उतरायला लागले. अर्जदारांनी वळून पाहिलं तेव्हा तो तसाच बसलेला होता. कधी ना कधी तो उठेल, बाकडं जप्त होईल, त्यांच्या नावाने नोटीस येईल, हे सगळं त्यांना दिसत होतं. तरी ते परत वर गेले नाहीत.

जीपमध्ये आई आत शिरली, खिडकीजवळ सरकली आणि सीटला पाठ टेकून बसली. दांडीला तिने हात लावला नाही. काच धुक्याने भरली होती, बाहेरचं काही दिसत नव्हतं. शेजारी एका माणसापुरती जागा राहिली होती. तिथे बायकोची ओली छत्री होती. आईने ती उचलून खाली पायाशी ठेवली.

“बसले का सगळे?” ड्रायव्हरने विचारलं.

“बसलो बाबा,” आई म्हणाली. “सगळे बसलो. चल आता.”